आडनावांचे मध्यस्थ

आमच्या दुकानात पेशंटचं नाव पुकारायची चोरी झाली आहे. मी बेडफर्डला एका केमिस्टकडे फार्मासिस्ट आहे. औषधाची पिशवी तयार झाली की काउंटरवरून आडनाव पुकारायचं, इतकं साधं काम. पण मी "मिस्टर बेविलाक्वा" म्हटलं रे म्हटलं की खिडकीजवळच्या खुर्चीतून खणखणीत मराठी आवाज येतो, "पाणीपिते!" मग बेविलाक्वांनाही कळावं म्हणून त्याच दमात इंग्लिशमध्ये खुलासा होतो. तुमच्या आडनावाचा अर्थ पाणी पिणारा. पण हुरळून जाऊ नका, गाव अशी नावं चेष्टेनं ठेवतं, तेव्हा तुमचे खापरपणजोबा बहुतेक पिंपानं वाइन पीत असणार.

खुर्चीतले हे गृहस्थ म्हणजे मधुकर दौंडकर. आम्ही त्यांना मधुकाका म्हणतो. वय पंचाहत्तरीच्या आसपास, उन्हाळ्यातही स्वेटर, आणि ब्लडप्रेशरची एक गोळी. ती गोळी घ्यायला महिन्यातून एकदा आलं तरी पुरतं. काका रोज येतात. मॅनेजरनं मला एकदा बाजूला घेऊन प्रायव्हसीचे नियम ऐकवले. ते मी काकांना ऐकवले. काका म्हणाले, "औषध प्रायव्हेट असतं गं. आडनाव कसं प्रायव्हेट? ते तर गावानं मारलेली हाक असते."

आता इटालियन आडनावंच का, हा प्रश्न बेडफर्डबाहेरच्या माणसालाच पडेल. इथल्या विटांच्या भट्ट्यांवर एके काळी इटलीहून गावंच्या गावं कामाला आली आणि इथेच राहिली. काका तरुणपणी फिटर म्हणून इथल्या कारखान्यात लागले, तेव्हा त्यांच्या डाव्या हाताला मान्चिनी आणि उजव्या हाताला रूस्सो उभा असायचा. मान्चिनी म्हणजे डावखुरा हे कळल्यावर काकांना आपल्याकडचे डावखरे आठवले. रूस्सो म्हणजे तांबडा, म्हणून तांबडे आठवले. तिथून जे वेड लागलं ते लागलंच. झोप्पी म्हणजे लंगडे, सोर्डी म्हणजे बहिरे, मान्जापाने म्हणजे भाकरे. अशी जोडी सापडली की काका टाळी वाजवून म्हणतात, "पत्रिका जुळली!"

माझं आडनाव उकिडवे. लग्नात नवऱ्याबरोबर मिळालं, तक्रार करून उपयोग नव्हता. काका गेली कित्येक वर्षं त्याला इटालियन जोडी शोधत आहेत. दोन पायांवर बसलेल्या माणसावरून आडनाव पाडण्याची बुद्धी अख्ख्या इटलीत कोणाला झाली नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटले की चारचौघांत म्हणतात, "मेघना, तुझं स्थळ अजून कुठे जमत नाही गं." नवीन आलेल्या बायका माझ्या मंगळसूत्राकडे बघतात.

मऊ करून सांगणं काकांना ठाऊकच नाही. आमच्याकडे बाथरूमचा नळ दुरुस्त करायला फुमागाल्ली नावाचा प्लंबर आला होता. काका तेव्हा नेमके चहाला बसलेले. त्यांनी त्याला सांगितलं की तुझ्या आडनावाचा अर्थ कोंबड्यांना धूर देणारा. रात्री खुराड्यात धूर सोडायचा, कोंबड्या गुंगल्या की आवाज न होता उचलायच्या. थोडक्यात, कोंबडीचोर. प्लंबर पाना खाली ठेवून आईला फोन करायला जो बाहेर गेला, तो बराच वेळ परतला नाही. मी बादलीनं पाणी उपसत होते आणि काका दारातून मला फुमागाल्ली हे नाव उत्तरेकडे कसं जास्त सापडतं ते सांगत होते. माझ्या तोंडून त्या दिवशी जे शब्द निघाले ते इथे लिहीत नाही.

एका बाबतीत मात्र हा माणूस मिठाची गुळणी धरून बसायचा. आपली माणसं भेटली की पहिला प्रश्न आडनावाचा आणि दुसरा मूळ गावाचा. त्यातून शेवटी 'कर' असलं तर चौकशीला ऊतच येतो. पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला एखादा सॉफ्टवेअरवाला हात मिळवत विचारायचा, "दौंडकर? म्हणजे मूळचे दौंडचे का, काका? माझे मामा तिथेच पोस्टेड होते." काका लगेच म्हणायचे, "ते असू दे. तुझ्या लाइन मॅनेजरचं आडनाव काय?" समोरचा मॅनेजरचं नाव सांगायचा आणि दौंड मागे पडायचं. लग्न का केलं नाहीत असं कोणी विचारलं तर म्हणायचे, माझी पत्रिकाच हरवली. आम्ही हसायचो. विक्षिप्त माणसाला कारणं विचारू नयेत, अशी आमची सोयीची समजूत होती.

काकांच्या शेजारी आसुन्ता एस्पोसितो राहतात. नेपल्सकडच्या. नवरा साल्वातोरे भट्टीवर कामाला होता. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या टोमॅटोच्या वेली काकांच्या कुंपणावर चढतात आणि काकांची मेथी त्यांच्या वाफ्यात उगवते. दर रविवारी काका त्यांच्याकडे जेवतात. त्या काकांना 'मादुका' म्हणतात. आठवड्यात तेवढंच एक जेवण काका दुसऱ्या माणसासमोर बसून जेवतात, हे मला ठाऊक होतं.

आसुन्ताबाईंचा ऐंशीवा वाढदिवस ठरला. इटालियन चर्चशेजारचा हॉल, सगळं गोत, गावातले शेजारीपाजारी. नात लिसा इथेच जन्मलेली, शाळेत शिकवते. तिला एक कल्पना सुचली. आजीच्या वाढदिवसाला मादुकांनी आमच्या आडनावाचा अर्थ सांगायचा, सगळ्यांसमोर, माइकवर. आम्हाला कोणालाच तो ठाऊक नाही, आजीला विचारलं तर ती हात झटकते, तेव्हा आजीलाही सरप्राइज होईल.

काकांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपणहून माइक दिला होता. मला वाटलं, आता हे हवेत चालणार. पण दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले आणि खुर्चीवर बसलेच नाहीत. मी "मिसेस मान्जापाने" पुकारलं तरी गप्प. काउंटरशी येऊन हळूच विचारलं, आवाज बसायला काही औषध मिळतं का. मी म्हटलं, काका, आमच्याकडे बसलेला आवाज उघडायचं औषध मिळतं. तर म्हणे, मग आइसक्रीमच खातो.

लंचब्रेकला मी त्यांना नदीकाठच्या बाकावर नेऊन बसवलं. माझ्या सँडविचकडे बघत म्हणाले, "मेघना, एस्पोसितो म्हणजे काय ठाऊक आहे?"

"काय?"

"टाकलेलं पोर. अनाथालयाच्या दारात जी पोरं सापडायची, त्यांना हे आडनाव द्यायचे. साल्वातोरेचा कोणी आजा-पणजा तसाच सापडला असणार. आता हे तिला केक कापताना सांगू?"

मी माझ्या स्वभावाप्रमाणे तिथल्या तिथे तोडगा काढला. काहीतरी छान ठोकून द्या. एक्स्पोझिशन म्हणा, प्रदर्शन म्हणा, राजाचे चित्रकार होते म्हणा. कोणाला काय कळतंय.

काका माझ्यावर असे चिडले की पाणकोंबड्याही लांब सरकल्या. "प्लंबरला खरं सांगितलं आणि हिला खोटं सांगू? आडनावाशी खोटं बोलायचं नसतं. माणसाकडे तेवढंच असतं कधी कधी."

"मग खरं सांगा."

"खरं सांगितलं तर रविवारी ती दार उघडेल का?"

बाईंना नवऱ्याचा केवढा अभिमान, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या घराण्याची सुरुवात टाकलेल्या पोरानं झाली, हे भर हॉलमध्ये तिच्याच नातवंडांसमोर सांगायचं, म्हणजे काकांचा रविवार गेलाच म्हणायचा. उरलेलं सँडविच मी बदकांना घालून टाकलं.

काकांनी खरंच आइसक्रीम खाल्लं. आवाज बसला नाही, पोट मात्र बिघडलं. तरी वाढदिवसाला कोट घालून आले.

हॉलमध्ये काकांनी सुरुवात झकास केली. समोर बसलेल्या एकेकाचं आडनाव घेऊन त्याची सालं काढली. बेविलाक्वांच्या पिंपावर हॉल हसला, आणि फुमागाल्ली प्लंबरनं तर उठून वाकून अभिवादन केलं. त्यानं म्हणे व्हॅनवर कोंबडी रंगवून घेतली आहे. मग लिसा म्हणाली, आता आमचं सांगा. काकांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. समोर आसुन्ताबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

काका सांगू लागले. नेपल्समध्ये एक मोठं चर्च होतं, त्याच्या भिंतीत फिरत्या पेटीसारखं एक पोकळ लाकडी चाक होतं. ज्या आईला बाळ सांभाळणं शक्य नसे, ती अंधारात यायची, बाळाला त्या चाकात घालायची आणि शेजारची घंटा वाजवायची. आतली नन चाक फिरवून बाळ आत घ्यायची. त्या बाळांना एस्पोसितो म्हणत. लिसाचा चेहरा उतरला.

"पण ती घंटा वाजवायची," काका म्हणाले. "टाकणारं माणूस घंटा कशाला वाजवेल?" हे ते इंग्लिशमध्येच बोलले, पण पुढच्या वाक्याला अडले. ऐनवेळी शब्द सापडेना. शेवटी सगळ्यांसमोर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मेघना, टाकलं नाही गं. ठेवलं. ठेवलं त्याला."

'प्लेस्ड' हा शब्द माझ्या ओठावर आला होता. तेवढ्यात काकांना त्यांचा शब्द मिळाला. माइक तोंडाशी नेऊन ते म्हणाले, "शी केप्ट हिम. एस्पोसितो मीन्स, समबडी केप्ट यू."

पिशवी टेबलावर 'केप्ट', छत्री कोपऱ्यात 'केप्ट', हे आपलं मराठी इंग्लिश. ठेवलं म्हणजे केप्ट, विषय संपला. इंग्लिश कानाला मात्र त्याचा अर्थ वेगळा लागतो: जवळ राखलं, सोडलं नाही. काकांचं इंग्लिश चारचौघांत दुरुस्त करायची मला वाईट खोड आहे. त्या दिवशी मी तोंड मिटून बसले. लिसा उठली आणि तिनं काकांना माइकसकट मिठी मारली. टाळ्या सुरू झाल्या तरी काका बाईंकडेच बघत होते. बाई हसल्याही नाहीत, रडल्याही नाहीत. उठून आतल्या किचनकडे गेल्या.

काका पांढरे पडले. "चल माझ्याबरोबर," इतकंच मला म्हणाले.

किचनमध्ये आसुन्ताबाई बश्या मांडत होत्या. काकांनी माफी मागायला सुरुवात केली तसा त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, मला ठाऊक होतं, मादुका. नेपल्सकडच्या कुठल्या माणसाला ते ठाऊक नसतं? साल्वातोरेनं लग्नाआधी पहिल्यांदा तेच सांगितलं होतं, मान खाली घालून. पोरांना सांगायचा मला कधी धीर झाला नाही. तू कसं सांगतोस ते बघायचं होतं. तो असता तर आज त्यानं मान वर केली असती.

मग हातातली बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आणि तुझं आडनाव? इतकी वर्षं माझ्या टेबलावर जेवतोस. तुझं कधी सांगितलं नाहीस."

मी वाट बघत होते, आता हे कोणाच्या तरी मॅनेजरचं नाव विचारणार. काकांनी स्टूल ओढलं आणि बसले. म्हणाले, दौंड नावाचं एक रेल्वे स्टेशन आहे. तिथल्या प्लॅटफॉर्मच्या बाकावर दुपट्यात गुंडाळलेला मी एका हमालाला सापडलो. पुढे अनाथाश्रमात वाढलो. तिथल्या सुपरिंटेंडेंटनी सापडल्या जागेला 'कर' लावलं आणि माझं आडनाव झालं. म्हणजे मीही एस्पोसितोच.

ज्या प्रश्नानं आम्ही सगळे दर गणपतीत, दर दिवाळीत, अगदी प्रेमानं या माणसाला टोचत आलो होतो, तो मला एकदम आठवला आणि लाज वाटली.

आसुन्ताबाईंनी विचारलं, "मोठं स्टेशन आहे?"

"जंक्शन आहे. बऱ्याच गाड्यांना तिथे उलट्या बाजूनं इंजिन लावावं लागायचं. त्यामुळे गाडी खूप वेळ उभी राहायची. लोक खाली उतरायचे, चहा प्यायचे, पाय मोकळे करायचे."

"म्हणजे सगळे त्या बाकासमोरून जायचे."

"हो."

"मग तुझी आई वाटेतली छोटी स्टेशनं सोडून तिथपर्यंत आली," आसुन्ताबाई म्हणाल्या. "तुझ्याकडे कोणाची तरी नजर जाईल, अशी जागा तिनं शोधली."

काका स्टुलावर बसून राहिले. बाहेर केकसाठी बाईंच्या नावानं हाका सुरू झाल्या होत्या. मला रडू आवरेना, म्हणून मी उगाच नळ सोडून स्वच्छ बश्या पुन्हा धुवायला घेतल्या. मागून काकांचा आवाज आला, अगदी लहान.

"मेघना, अख्ख्या गावाच्या आडनावांचे अर्थ लावत बसलो गं. हा मला कधी सुचलाच नाही."