आधी खोड सांगणारे लतीफचाचा

लतीफचाचा बैल विकायला उभे राहिले की आधी त्या बैलाची बदनामी करत.

शेलूबाजारच्या गुरांच्या बाजारात बाकीचे दलाल घसा कोरडा होईस्तोवर जनावराचे गुण गात. चाचा मात्र गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन सांगत, "आदी खोड सांगतो, मंग गुन. हा बैल पान्यात बसते. नाल्यात गाडी घातली का बसलाच म्हून समज. पाह्यजे काय?" बैलाचा मालक शेजारीच उभा राहून कपाळावर हात मारून घेई. पण गंमत अशी की चाचांचेच बैल आधी खपत. जो माणूस एवढं वाईट स्वतःहून सांगतो तो आणखी काही लपवत नसणार, असं गिऱ्हाईक धरून चाले.

ही सवय बाजारापुरती असती तर त्यांचं बरं चाललं असतं. त्यांची बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. नातेवाइकांनी दुसऱ्या लग्नाचा घाट घातला आणि मुलीचा बाप घर बघायला आला. चाचांनी त्यालाही सोडलं नाही. "आदी खोड सांगतो. झोपलो का घोरतो. राग आला का दोन-दोन दिवस बोलत नाई. अन् बोललो तं बैलाशी बोलतो." तो बापडा चहा अर्धा टाकून उठला. गुण ऐकायला थांबलाच नाही. ते मला माहीत होते, पण मी तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांचा असल्यामुळे मला कोणी विचारलं नाही.

आमचं घर त्यांच्या घराला लागून. माझे वडील मी लहान असतानाच गेले. आई बाजाराच्या तोंडाशी फुटाण्यांचं दुकान चालवायची. चाचा रोज सकाळी मूठभर फुटाणे तोंडात टाकत, "वयनी, आज फुटाने जळले," असं चारचौघांत जाहीर करत आणि चालू पडत. आई चिडायची. पण गाय घ्यायची असो की कोणाच्या मुलीला स्थळ बघायचं असो, तिला शब्द हवा असायचा तो चाचांचाच. "लतीफभाऊनं खोड सांगतली काय?" हा तिचा पहिला प्रश्न.

सौदा मात्र तोंडानं होत नसे. दलाल गिऱ्हाइकाच्या हातावर आपला दुपट्टा टाकी, आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव बोलला जाई, म्हणजे बघणाऱ्यांना काही कळू नये. भाव ठरला की हात लगेच सोडायचा, हा नियम. मला त्या बोटांच्या भाषेचं भारी वेड होतं. शिकवा म्हणून मागे लागलो की चाचा माझा हात झटकून टाकत.

"नाई शिकवत. शिकला तं येथीच राहशीन."

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी मॅट्रिक झालो, मार्कही बरे पडले. नागपूरला विद्यापीठाचं कॉमर्स कॉलेज आहे, याला तिथं घाला, असं हेडमास्तर आईला सांगून गेले. कॉलेज म्हणजे काय हे आईला ऐकून माहीत होतं. कॉमर्स म्हणजे काय हे तर हेडमास्तरांनाही नीट सांगता आलं नाही. आईनं सरळ निकाल दिला, "लतीफभाऊ पाहून येतीन. खोड सांगतीन. मंग ठरवू."

झालं! कारंज्यापर्यंत बैलगाडी, तिथून मूर्तिजापूरपर्यंत छोटी रेल्वे आणि पुढे मोठी, असं करत आम्ही दोघं कॉलेज बघायला निघालो.

फाटकातून आत शिरल्यावर चाचांनी आधी इमारतीला एक वेढा घातला. खांब थापटले. मागच्या बाजूला जाऊन विहिरीत डोकावले. शिपायानं हटकलं तेव्हा म्हणाले, "पाहून राह्यलो. पसंत पडलं तं घेऊ." शिपायानं आम्हाला थेट प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे नेऊन उभं केलं.

साहेब म्हातारे होते, आणि माझ्या नशिबानं हसरे होते. ते स्वतः उठले आणि आम्हाला सगळं दाखवायला निघाले. इथे जमाखर्च शिकवतात, बँक कशी चालते ते शिकवतात, व्यापाराचे कायदे, अर्थशास्त्र, सगळं. हुशार मुलाला फी माफ. हे वसतिगृह. हे ग्रंथालय, इथलं पुस्तक कुठल्याही विद्यार्थ्याला हात लावून बघता येतं. टाइपरायटरच्या खोलीत तीसेक मुलं एकदम बडवत बसली होती. चाचा दारातच थबकले. "इतले हात चालून राह्यले अन् भांडन कोनाचंच नाई?" नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग असतात हे ऐकून त्यांना काळजी वाटली. "म्हंजे दिवसा नांगर अन् संध्याकाळी गाडी. दमत नाईत?"

"दमतात," साहेब म्हणाले. "पण येतात."

मग चाचांनी बैल चालवून दाखवायला सांगतात तसा वर्ग चालवून दाखवायला सांगितला. आम्हाला एका वर्गात मागे बसवलं. पीक सगळ्यांचं एकदम बाजारात आलं की भाव का पडतो, हे प्रोफेसर समजावून सांगत होते. चाचा मध्येच "बराबर हाय!" असं ओरडले आणि सगळा वर्ग हसला. प्रोफेसरही हसले. मी बाकाखाली शिरायचा बाकी होतो. तास संपल्यावर चाचांनी शेजारच्या बाकावरच्या पोरांना विचारून घेतलं, कोण कोणाचा. एक सावकाराचा निघाला, एक शिंप्याचा, एक स्टेशनावरच्या हमालाचा. "एकाच दावनीले बांधले सारे," चाचा मला म्हणाले, "हे लय झकास हाय."

शेवटी साहेबांच्या खोलीत सौदा सुरू झाला.

"आदी आमच्या पोट्ट्याची खोड सांगतो," चाचा म्हणाले. "झोपेत बडबडते. भेंडी खात नाई. चारचौघांत याची दातखिळी बसते. आता गुन. खोटं बोलत नाई, अन् एकदा सांगतलेलं इसरत नाई. आता तुमी सांगा, सायेब. तुमच्या कॉलेजची खोड काय?"

"आमचं कॉलेज चांगलं आहे हो," साहेब हसत म्हणाले.

"चांगलंच हाय. म्हनूनच इचारून राह्यलो. बिनखोडीचा बैल म्या अजून पाह्यला नाई." आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून साहेबांच्या हातावर टाकला आणि आत हात घातला. "इथं बोला. कोनाले कळत नाई."

साहेबांचं हसू थांबलं. मला वाटलं, आता आमची हकालपट्टी. पण त्यांनी हात काढून घेतला नाही. पुढे वाकून ते हळू आवाजात चाचांशी काहीतरी बोलले. दाराशी उभ्या असलेल्या मला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. चाचांनी मान हलवली, हात सोडला, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि सलाम करून बाहेर पडले. परतीच्या रेल्वेत ते गप्प बसून होते. समोर बैल नव्हता, म्हणून असेल असं मला वाटलं.

घरी आई वाटच बघत होती. चाचांनी गुण सांगायला सुरुवात केली तशी तिनं अडवलं. "आदी खोड सांगा, भाऊ."

चाचा जमिनीकडे बघत म्हणाले, "हाय. तेथी वरनात मीठ कमी असते."

"एवढीच?"

"एवढीच."

आई पदर तोंडाला लावून हसली, आणि मी नागपूरला गेलो. नागपूरकडे निघालेला जो कोणी भेटेल त्याच्याबरोबर ती मला मिठाची पुडी धाडायची. खरं तर आमच्या मेसच्या वरणात मीठ चांगलं सढळ असे. आचारी बदलला असेल असं मी समजलो. वसतिगृहात मला मीठवाला हे नाव पडलं ते पडलंच.

त्या कॉलेजचे उपकार मी कुठवर सांगू? दातखिळी बसणारा मी तिथं वादविवादात उभा राहिलो. शिंप्याचा तो मुलगा माझा जन्माचा मित्र झाला. फुटाणेवालीच्या पोराला त्या कॉलेजनं काहीही न विचारता पुस्तकांच्या कपाटांपुढे उभं केलं. आज मी जो काही आहे तो त्या जागेमुळे, आणि त्या जागेपर्यंत मला हाताला धरून नेणाऱ्या माणसामुळे. एक मात्र विचित्र झालं. गावातलं कोणी चाचांना कॉलेजबद्दल विचारायला गेलं की ते म्हणत, "फुटानेवाल्या वयनीले इचारा," आणि निघून जात.

पास झाल्यावर मला मुंबईत एका बँकेत नोकरी लागली. आधी सणासुदीला येत होतो, मग तेही जमेना. आई एकटी थकत चालली, म्हणून एके वर्षी तिला न्यायला आलो. घराची किल्ली चाचांकडे दिली. आई गाडीत बसली. दुकानातले उरलेले फुटाणे तिनं फडक्यात बांधून चाचांपुढे धरले. त्यांनी दोन तोंडात टाकले आणि म्हणाले, "आज चांगले झाले, वयनी." आईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मी गाडीशी आलो तसा त्यांनी माझ्या हातावर दुपट्टा टाकला आणि आत माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"खोड होती, बापा," ते म्हणाले. "मिठाची नव्हती. सायेबानं सांगतली होती. म्हने, येथी आलेला पोट्टा वापस गावाले जात नाई. म्हने, मीबी असाच गावातून आलो, तो गेलोच नाई."

"मग तेव्हा आईला सांगितलं का नाही?"

"सांगतली असती तं तिनं धाडलं असतं काय तुले?" चाचा गाडीकडे बघत होते. "जिंदगीत एकच सौदा केला खोड लपवून. माहं गिऱ्हाईक फसलं नाई ना?"

"नाही, चाचा," मी म्हणालो. "तुम्हीच फसलात."

"चालते," ते म्हणाले. "माल चांगला होता."

सौदा ठरला की हात सोडायचा असतो. गाडीवाल्यानं दोनदा हाक मारली, बैलांनी मानेवरचं जूसुद्धा हलवलं. दुपट्ट्याखाली चाचांनी माझा हात अजून धरून ठेवला होता.