डोनटच्या दुकानावरून डावीकडे

एका दिवसात अख्खं पिट्सबर्ग दाखवू शकेल असा माणूस जगात एकच, आणि तो म्हणजे आपण, असं एमिल हुडाकचं ठाम मत होतं. चौतीस वर्षं त्याने या शहरात बस चालवली होती. कुठला चढ कुठे धाप लावतो, कुठल्या वळणावर म्हाताऱ्यांच्या पिशव्या सांडतात, सगळं पाठ! "शहर दाखवायचं म्हणजे काय असतं हे विहीणबाईंना एकदा कळू दे," तो बायकोला म्हणाला. "संध्याकाळी स्वतःहून म्हणतील, लग्न इथंच!"

सगळं घोडं त्या लग्नावरच अडलं होतं. हुडाकांची एकुलती एक क्रिस्टी नोकरीसाठी फीनिक्सला गेली आणि तिथल्याच मुलाच्या प्रेमात पडली. मुलाची आई, कॉन्स्टन्स व्हेलन, हिच्या मनात लग्न तिकडे वाळवंटातल्या एका बागेत करायचं होतं. एमिल आणि डॉटीच्या मनात होता आपल्या चर्चचा हॉल. त्याच हॉलमध्ये दोघांचं लग्न झालं होतं, तिथेच क्रिस्टीच्या बारशाचं जेवण उठलं होतं. शिवाय डॉटी आणि तिच्या दोघी बहिणींनी कुकीजच्या टेबलासाठी अठरा प्रकार ठरवून ठेवले होते. पिट्सबर्गच्या लग्नात नवरीकडे नंतर बघतात, आधी कुकीजचं टेबल बघतात!

"त्या वाळवंटात माझ्या जॅमच्या कुकीज वितळतील रे!" डॉटी डोळ्यांना पदर लावावा तसा एप्रन लावून म्हणाली.

विहीणबाईंनी मोठ्या मनाने कबूल केलं होतं, की एक दिवस येते, शहर बघते आणि काय ते सांगते. सगळं जमून आलं होतं. फक्त एमिलचा गुडघा बदलून तीन आठवडे झाले होते आणि डॉक्टरांनी गाडीला हात लावायला बंदी केली होती. डॉटी गाडी चालवायची, पण नदीच्या अलीकडेच. पलीकडे तिने बावीस वर्षांत गाडी नेली नव्हती. "कशाला जायचं? सगळं इकडे मिळतं," असा तिचा बिनतोड सवाल होता.

मग एमिलने चार पानं भरून हाताने लिहून काढलं: कुठून निघायचं, कुठे न्याहारी, कुठे काय बघायचं, सगळं. सुरुवात अशी होती: 'घरातून निघा. डोनटच्या दुकानावरून डावीकडे वळा. बोलिंगवाल्याच्या पुढची दुसरी गल्ली धरा. जुनी बेकरी लागली की समजा पूल आला.'

डॉटीने चष्मा लावून वाचलं. "डोनटचं दुकान कुठलं म्हणतोयस? जळायच्या आधीचं की नंतरचं?"

"आधीचं."

"मग तसं लिही ना! परकी बाई आहे, तिचा घोळ होईल."

एमिलने ते कंसात लिहिलं आणि दोघं निर्धास्त झाली.

शनिवारी सकाळी विहीणबाई आल्या. उंच, सडपातळ, पांढरी पँट, भाड्याची गाडी. फीनिक्सचे रस्ते म्हणजे पट्टीने आखलेले, वळण म्हणजे काटकोन! त्यांनी कागद आदराने घेतला. "फोनमधला नकाशा बघू नका हं," एमिलने बजावलं. "त्या फोनमधल्या बाईला इथलं काय कळतंय?"

वीस मिनिटांनी फोन वाजला.

"मिस्टर हुडाक, मला ते डोनटचं दुकान काही दिसत नाही."

"दिसेल कसं? ते नाहीच आहे! सत्त्याऐंशी साली बंद पडलं."

"मग मी ओळखायचं कशावरून?"

"ते नाहीये, त्यावरूनच की! कुणालाही विचारा ना, लहान पोरगंसुद्धा सांगेल."

विहीणबाईंनी गाडी धुणाऱ्या एका माणसाला विचारलं. त्याने शेजाऱ्याला हाक मारली. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. दुकान औषधवाल्याच्या अलीकडे होतं की पलीकडे, यावरून! औषधवालाही आता नव्हता. पण हात दोघांनीही एकाच दिशेला केला, तेव्हा त्या निघाल्या.

दुसरा फोन. "मी एका पुलावर आहे."

"वा! कुठल्या?"

"पिवळ्या."

एमिलने कपाळाला हात लावला. इथले निम्मे पूल पिवळेच. "अजून काही खूण?"

"खाली नदी आहे."

"ती सगळ्यांच्याच खाली असते हो!"

तिसरा फोन आला तेव्हा विहीणबाईंचा आवाज जरा चढला होता. त्यांनी नाइलाजाने फोनमधल्या बाईला शरण जाऊन पाहिलं होतं. "ती म्हणाली उजवीकडच्या रस्त्याने वर जा. रस्त्याची पाटीसुद्धा आहे. पण या पायऱ्या आहेत, मिस्टर हुडाक! दोनशे तरी असतील!"

"बरोबर आहे. आमच्याकडे पायऱ्यांनापण रस्ताच म्हणतात. चूक एवढीच झाली, तुम्ही गाडी घेऊन गेलात."

यानंतर फोन आला नाही. एक तास गेला, दोन गेले, चार गेले. एमिल लावायचा, तर लागायचाच नाही. मग फीनिक्सहून क्रिस्टीचा आला.

"बाबा, त्यांचा फोन लागत नाहीये! कुठं पाठवलंस त्यांना?"

"लिहून दिलंय ना सगळं! डोनटच्या दुकानावरून..."

"मग चुकल्या कशा? एवढं सोपं तर आहे!" क्रिस्टीही शेवटी पिट्सबर्गचीच. मग ती रडायलाच लागली. "बाबा, मला आपल्या हॉलमध्येच लग्न करायचंय रे. काहीतरी कर!"

एमिलचा चेहरा उतरला. चौतीस वर्षांत एक प्रवासी हरवला नव्हता, आणि हरवली ती नेमकी विहीण! डॉटी तर कुकीजचं पीठ मळायचं सोडून टेबलावरच्या अठरा प्रकारांच्या यादीकडे बघत बसली होती. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. कुणी म्हातारा बोलत होता.

"हुडाक का? तुमच्या विहीणबाई आमच्या डोंगरावर आल्यात. फोन मेलाय त्यांचा, तुमचा नंबर त्या कागदावर सापडला. आमच्या हिच्या हातच्या, बटाटा भरून लोण्यात परतलेल्या पिरोगी खातायत. न्यायला कधी येताय?"

"डोंगरावर कुठं?"

"जुनं थिएटर होतं बघा, त्याच्यासमोर कठड्यापाशी."

"आलोच!" एमिल म्हणाला. पत्ता कसा सांगावा हे त्या माणसाला कळत होतं.

आता प्रश्न नदीचा. डॉटीने एकदा यादीकडे पाहिलं, एकदा कुबडीवरच्या नवऱ्याकडे, आणि पिठाच्या हातांनीच किल्ली उचलली. पुलावर ती वीसच्या वेगाने, ओठ घट्ट मिटून, मागच्यांचे हॉर्न खात गेली. "डॉटी, डोळे उघड!" "उघडेच आहेत, तू गप बस!" डोंगराच्या चढावर तर तिने चालू गाडीतच तीन वेळा छातीवर क्रूसाची खूण केली.

कठड्यापाशी विहीणबाई बाकावर बसल्या होत्या. पांढऱ्या पँटला लोणी, केस विस्कटलेले. एमिल माफीची जुळवाजुळव करत पुढे झाला, आणि त्याची नजर खाली गेली.

उतरत्या उन्हात अख्खं शहर पायाशी पसरलं होतं. दोन नद्या दोन बाजूंनी येऊन टोकाशी मिळत होत्या, त्यांची तिसरी होऊन संथपणे निघून जात होती, आणि एकामागे एक पूल सोन्यासारखे चमकत होते. चौतीस वर्षं या माणसाने फक्त सिग्नल पाहिले होते.

"अगं बाई," डॉटी हळूच म्हणाली, "हे कधीपासून आहे इथं?"

"मी तीनदा या डोंगराखालच्या बोगद्यात शिरले," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता. "पहिल्यांदा चुकून. बाहेर पडले आणि एकदम हे सगळं समोर! श्वासच अडकला माझा. पुढच्या दोन वेळा मुद्दाम गेले." त्या एमिलकडे वळल्या. "अकरा अनोळखी माणसांनी मला वाट दाखवली. एक बाई तर स्वतःची गाडी पुढे काढून पुलापर्यंत आली. आणि प्रत्येकाने आधी काय होतं तेच सांगितलं! कुणाची शाळा, कुणाचं सिनेमाघर. आमच्याकडे एखादी जागा पाडली की ती संपली. तुमच्याकडे काहीच कधी जात नाही."

एमिलचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने लपवलेही नाहीत.

"लग्न इथंच करायचं," विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्या त्या हॉलमध्ये."

डॉटीने विहिणीला मिठीच मारली! आता पँटवर लोण्याबरोबर पिठाचेही हात उमटले, पण कुणाला त्याचं काही नव्हतं.

"इथून दिसतो का हो हॉल?"

"दिसतो म्हणजे काय!" एमिलने कठड्यावरची मोठी दुर्बीण त्यांच्यासाठी वळवून दिली. "नदीपलीकडे तो हिरवा घुमट बघा. त्याच्या डाव्या हाताला लाल विटांचा, उंच खिडक्यांचा."

विहीणबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग दुर्बीण थोडी हलवून पुन्हा पाहिलं. "तिथं तर नुसत्या गाड्या दिसतायत. रांगेत लावलेल्या."

"हो, तोच," एमिल म्हणाला. "मोठं दार त्या निळ्या गाडीपाशी होतं..."

आणि तो थांबला. हॉल पाडला त्या दिवशी तो स्वतः समोरच्या फुटपाथवर उभा होता. त्याला चौदा वर्षं झाली होती. गेलं वर्षभर तो, डॉटी आणि क्रिस्टी तिघं मिळून त्या हॉलसाठी फीनिक्सशी भांडत होते, आणि तिघांपैकी एकालाही हे आठवलं नव्हतं! त्याने डॉटीकडे पाहिलं. डॉटी आपल्या बुटांकडे बघत होती.

विहीणबाईंनी दुर्बिणीवरून डोळा काढला आणि त्या वाट पाहत उभ्या राहिल्या.

एमिलने घसा खाकरला.

"एक मात्र आहे हं, विहीणबाई," तो म्हणाला. "पाहुण्यांना गाड्या लावायची अजिबात अडचण येणार नाही."