मुसळ हे वाद्य नव्हे

येरमाळ्यातली माझी गिरणी दोनच गोष्टी बंद पाडतात: गेलेली वीज आणि पारूकाकू. दळण घेऊन आलेली एखादी बाई सहज म्हणाली, वाद्यं नसली की गाणं सोपं, की काकू सरळ जाऊन मोटारीचा खटका ओढतात. पीठ अर्धवट, गिऱ्हाईक ताटकळलेलं, आणि काकू डब्यावर बसून विचारतात, "सोपं? तबला चुका झाकतो, बाई. हितं झाकायला पदरबी पुरत न्हाय."

लातूरला शिकणारी त्यांची भाची एकदा सांगून गेली, की असल्या बिनवाद्याच्या गाण्याला अकापेला म्हणतात. काकूंनी तो शब्द भाजीबाजारापर्यंत पोचवला. भाजीवाल्याला वाटलं, हे काहीतरी परदेशी गाणं असणार. कोथिंबिरीची जुडी त्याच्या तोंडापुढं नाचवत काकूंनी सुनावलं, "नाव तिकडचं असंल. गाणं माज्या आजीचं हाय." मंडपवाल्याला वाटलं, मग माईकही चालत नसेल. त्याला उत्तर मिळालं, की माईक गात नाही, निस्ता वरडतो. मी आपली समजत होते, हे एकटीनंच म्हणायचं असतं.

"एकटी म्हण, न्हायतर गावभर बायका म्हणा. वाद्य न्हाय म्हंजे माणूस न्हाय, आसं हाय व्हय?"

माझ्या मुलीच्या लग्नात घाणा भरायचा ठरला. म्हणजे हळद कुटायची आणि बायकांनी ओव्या म्हणायच्या. मुलीनं मोबाईलवर संगीत शोधून ठेवलेलं. काकूंच्या कानावर गेलं आणि त्या तरातरा घरी आल्या. घाणा मीच म्हणणार, आणि वाद्य वाजलं तर उंबरा चढणार नाही, असं बजावलं. माझे दीर खोडसाळ. ते म्हणाले, काकू, मुसळ धपधप वाजतं, तेही वाद्यच की. आम्हाला वाटलं, काकू सापडल्या.

"मुसळ कामाला आलंय, गायला न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमीबी कामाला लागा."

दीर खुर्च्या उचलायला गेले.

हळदीच्या दिवशी मोबाईल बंद झाला. सवाष्णींनी मुसळं धरली, शेजारी बसून काकूंनी ओवी उचलली. आवाज असा, की मांडवातली पोरं पळायची थांबली. पहिली ओळ संपली आणि काकूही थांबल्या. मुसळं चालूच. काकू डावीकडं बघत राहिल्या. तिथं कुणीच बसलेलं नव्हतं.

"काकू, पुढं?" मुलीनं विचारलं.

"पुढची ओळ माजी न्हाय. जाऊबाईची हाय."

त्यांच्या जाऊबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. गावातल्या कितीतरी लग्नांत दोघींनी हा घाणा एकीआड एक ओळ वाटून म्हटलेला. त्यानंतर काकूंनी तो म्हटलाच नव्हता. माझ्या गिरणीत येऊन त्याच्याबद्दल भांडत होत्या, एवढंच.

मुसळं मंदावली. काम खोळंबलेलं मला चालत नाही. लग्न होऊन आल्यापासून ती ओळ ऐकलेली होती, म्हणून मीच उचलली. मोटारीच्या वर आवाज काढून काढून माझा गळा घोगरा झालेला, त्यात सूर काकूंच्या पार खाली लागला. दीर तोंडावर हात धरून हसले.

काकू हसल्या नाहीत. माझा हात धरून त्यांनी मला डावीकडं बसवून घेतलं, आणि तिसरी ओळ माझ्याच खालच्या सुरात उचलली.