सतरा नंबर घरी आणली तेव्हा

शोरूमला जाता जाता दहा मिनिटं ऑफिसात डोकवायचं, एवढंच मी त्या शनिवारी ठरवलं होतं. माणसाच्या हातून मोठे गाढवपणे काही ठरवून होत नाहीत. ते असे दहा मिनिटांच्या बोलीवर घरात शिरतात आणि मग मुक्काम ठोकतात.

आधी माझं काम सांगतो. मी स्कूटरच्या कारखान्यात कारकून आहे. स्कूटर बनवण्याशी माझा काही संबंध नाही (मला साधी सायकलही फक्त उतारावर येते). माझ्याकडे असतात त्या न बनलेल्या स्कूटर. डिझाइनवाले दर वर्षी दोन-चार नव्या गाड्या डोक्यातून काढतात, लाकडाच्या सांगाड्यावर खास मातीचे थर चढवून खऱ्या मापाचा हुबेहूब नमुना घडवतात, त्याला रंग देतात. मग वरचे साहेब येऊन बघतात आणि मान हलवतात. मान आडवी हलली की तो नमुना माझ्या गोदामात येतो. मी त्याला नंबर देतो, वहीत नोंद करतो आणि आठवड्यातून एकदा त्याच्यावरची धूळ झटकतो. बायको म्हणते, एका नमुन्यानं बाकीचे नमुने सांभाळायचे, कंपनीनं सोय चांगली केली आहे.

या सगळ्यांत सतरा नंबर म्हणजे काय, हे कसं सांगू?

सतरा नंबर मधल्या आकाराची स्कूटर होती. मधला आकार ज्याला कळला त्याला आयुष्य कळलं, असं माझं मत आहे. लहान स्कूटरवर भरल्या अंगाचा माणूस बसला की त्याचे गुडघे हनुवटीशी गप्पा मारतात. मोठ्या स्कूटरवर बसला की कुणाचा तरी सोफा पोचवायला निघालाय असं वाटतं. मधली स्कूटर माणसाला माणसाएवढाच ठेवते. पाय जमिनीला टेकतात, मागं एक जण बसतो, पुढं पिशवी राहते, आणि तरी दोन मोटारींच्या फटीतून निघता येतं. मी स्वतः तीन भावांत मधला, राहतो तीन मजली इमारतीच्या मधल्या मजल्यावर, आणि ऑफिसात माझी जागा वरचे ओरडतात नि खालचे ऐकत नाहीत अशी. तेव्हा ही गाडी कुणीतरी माझ्याचसाठी काढली असावी असं मला वाटलं, तर त्यात माझी चूक काय?

आणि ती नुसती मधली नव्हती हो! पुढच्या दिव्यापासून एक रेघ निघायची, ती हँडलखालून, सीटखालून, कुठंही न अडखळता मागच्या दिव्यात जाऊन मिळायची. रंग निळा म्हणावा तर हिरवा वाटायचा आणि हिरवा म्हणावा तर खोटं बोलल्यासारखं व्हायचं. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा हातातली वही मी खाली ठेवली होती. बारा वर्षं झाली, पण सकाळी गोदामाचं दार उघडून ती दिसली की माझा श्वास क्षणभर अजून अडकायचा. अशी गाडी बाजारात का आली नाही, हे कोडं मला बारा वर्षं सुटलं नव्हतं. आज ना उद्या साहेबांचे डोळे उघडतील या भरवशावर मी घरी एकच पालुपद लावलं होतं, "थांब जरा, सतरा नंबर येणार आहे. ती आली की घेऊ."

बायको थांबली. बारा वर्षं दोन-दोन बस बदलत थांबली. पण आता तिला नवी नोकरी लागली होती. एका लॅबसाठी लोकांच्या घरी जाऊन रक्त घ्यायचं काम. सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं होतं आणि अट होती स्वतःच्या गाडीची. तेव्हा तिनं मला न विचारता एक करडी, सरळमार्गी, मधल्या आकाराची स्कूटर ठरवून टाकली. शनिवारी एकच्या आत मी शोरूममध्ये जाऊन फक्त सही करायची होती. दुकानाचा माणूस गाडी चालवत घरी आणून देणार होता. एकनंतर दुकान बंद, ते थेट सोमवारी दहाला उघडणार.

"एवढं तरी जमेल ना?" तिनं निघताना विचारलं.

"सही करायला काय लागतं?" मी म्हणालो. (सही करणं हेच माझ्या नोकरीतलं एकमेव कौशल्य आहे.)

ऑफिसच्या फाटकाशी टेम्पो उभा होता. वॉचमन म्हणाला, "बरं झालं आलात. वरून हुकूम आलाय, गोदाम रिकामं करा. सगळं भंगारात."

चार हमाल सतरा नंबरला उचलून आणत होते. तिचा पुढचा दिवा माझ्याकडं वळला. तुम्ही हसाल, पण मला भडभडून आलं. हातोड्याखाली जाऊन हिचा अर्ध्या तासात चुरा होणार, ही कल्पनाच मला सहन होईना. "ही एवढी माझ्या घरी सोडा," असं कुणीतरी टेम्पोवाल्याला म्हणालं. आजूबाजूला पाहिलं तर तो मीच होतो. वॉचमन म्हणाला, भंगारच आहे, कुठं का जाईना. मी सही केली. म्हणजे त्या दिवशी मी सही केली, पण भलत्याच कागदावर.

टेम्पो घरापाशी पोचला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

बायको गॅलरीतच उभी होती. टेम्पोतून चादर पांघरलेली स्कूटर उतरताना पाहून ती चपला न घालताच खाली धावत आली. मी तोंड उघडणार, तोच तिनं चादर ओढली.

ती काहीच बोलली नाही. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यात असं दोनदाच घडलंय, आणि पहिल्यांदा तिचा घसा बसला होता. तिनं त्या रेघेवरून एक बोट फिरवलं, दिव्यापासून दिव्यापर्यंत. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "ती करडी बदलून ही घेतलीत? माझ्यासाठी?"

आता तुम्हीच सांगा, या प्रश्नाला "नाही" म्हणायला किती मोठी छाती लागते? माझी छाती मधल्या आकाराची आहे.

"तुला आवडली ना?" मी म्हणालो.

"बावीस वर्षांत तुमची ही पहिली निवड आहे, जिला मी नावं ठेवू शकत नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "किल्ली द्या."

"किल्ली... अगं, नवीन गाडी एक दिवस हलवायची नसते."

"का?"

"कंपनीचा नियम आहे. गाडीला जागेची सवय व्हावी लागते."

एरवी तिनं माझी या वाक्यावर सालटी काढली असती. पण ती गाडीकडं बघत होती आणि बघता बघता "असेल बाई" म्हणाली. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तिनं लगेच आपल्या वडिलांना फोन लावला.

माझे सासरे स्कूटर मेकॅनिक. चाळीस वर्षं त्यांनी गाड्या उघडल्या आणि जोडल्या. दोन गल्ल्या पलीकडं राहतात, पाच मिनिटांत हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाले. त्यांनी गाडीला तीन फेऱ्या मारल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"जावईबापू," ते म्हणाले, "सगळं आयुष्य या धंद्यात गेलं. अशी गाडी नजरेस पडली नाही." आणि सवयीनं वाकून त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ ते खालीच राहिले. वर आले ते माझ्या कानाशी.

"इंजिन कुठं आहे?"

"नाहीये."

"नाहीये म्हणजे? दुरुस्तीला दिलंय?"

"नव्हतंच कधी. आत लाकूड आहे, वर माती."

"आणि चाकं?"

"लाकडाची. रंग चांगला दिलाय."

सासरे शांतपणे पिशवीवर बसले. मला वाटलं आता पाना उगारतात. पण ते पुन्हा त्या रेघेकडंच बघत राहिले आणि म्हणाले, "इंजिन नाही, म्हणूनच इतकी सुंदर जमली असेल हो. इंजिन आलं की तडजोड आलीच." मग त्यांना आपली मुलगी आठवली. "पोरीला कोण सांगणार?"

"तुम्ही वडील आहात."

"तुम्ही नवरा आहात."

हा वाद चालू असताना तळमजल्यावरचे शिंपीकाका बाहेर आले. इमारतीतले आणखी आठ-दहा लोक जमले. सगळे गाडीभोवती उभे होते आणि कुणीही कितीला पडली, किती पळते, असले प्रश्न विचारत नव्हते, यावरून काय ते समजा. शिंपीकाका कपड्याची शिलाई बघावी तशी ती रेघ डोळे बारीक करून बघत होते. "कुठं जोडच दिसत नाही," ते म्हणाले आणि कौतुकानं त्यांनी गाडीच्या पाठीवर थाप मारली.

हात काढला तेव्हा त्यांची पाचही बोटं गाडीवर उमटलेली होती.

गोदामात बारा वर्षं सावली होती, हे माझ्या तोपर्यंत ध्यानातच आलं नव्हतं. अंगणात दुपारचं ऊन रणरणत होतं. नमुन्याची माती उन्हानं मऊ पडते, अशी सूचना माझ्याच वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. शिंपीकाका घाबरून हात पाठीमागं लपवून उभे राहिले. मी पुढं होऊन त्या बोटांवर चादर टाकली, तोवर बायको सीटवर बसलीही होती.

"काका, एक फोटो काढा," ती म्हणाली. दोन्ही हातांत हँडल धरून ती अशी हसली, की मला ते हसू बघायला बारा वर्षं का लावली याची लाज वाटली. शिंपीकाका मोबाइल सावरत होते. ती हसत होती. आणि हसता हसता, अगदी संथपणे, ती खाली चालली होती.

"अहो," ती हसू न मोडता दातांतून म्हणाली, "ही गाडी बसते आहे."

"नवीन सीट आहे..."

"सीट नाही. गाडी." तोल सावरायला तिनं हँडल ओढलं आणि ते मुळासकट तिच्या हातात आलं.

तिनं हँडलकडं पाहिलं, त्याच्या टोकाच्या मातीकडं पाहिलं, मग आपल्या वडिलांकडं. ते आभाळात काहीतरी शोधत होते. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"सतरा नंबर?"

मी मान हलवली. उभी.

"आणि माझी करडी?"

"दुकान बंद झालं."

ती ओरडली असती तर परवडलं असतं. ती तिथंच बसून, हातातल्या हँडलकडं बघत म्हणाली, "सोमवारी सातला मी कशावर जाऊ? बारा वर्षं तुमच्या या सतरा नंबरसाठी थांबले. आणि ती आली तीही अशी." मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. जमलेले लोक आपापल्या घरातली कामं आठवून पांगले. "आणि वाईट कशाचं वाटतं सांगू?" ती म्हणाली. "गाडी खरंच सुंदर आहे हो."

तेवढ्यात फाटकातून एक स्कूटर आत आली. वर डिझाइनसाहेब होते. सतरा नंबर त्यांच्याच हातची. भंगारात जाण्याआधी तिला एकदा बघावं म्हणून तेही गोदामात गेले होते आणि वॉचमननं त्यांना माझा पत्ता दिला होता. मी हात जोडून नोकरीची शेवटची वाक्यं मनात जुळवू लागलो.

पण साहेब माझ्याकडं बघतच नव्हते. अर्ध्या खचलेल्या त्या गाडीवर माझी बायको बसली होती, तिच्याकडं ते बघत होते. "बारा वर्षांत हिच्यावर कुणी आपलं समजून बसलेलं पहिल्यांदा पाहतोय," ते म्हणाले. "नका उतरू, बसा अजून थोडा वेळ."

बायकोनं त्यांना सगळं सांगितलं, लॅब, सोमवार आणि मी, याच क्रमानं. साहेबांनी आपल्या गाडीची किल्ली काढून तिच्या हातात दिली. "सोमवारी माझी न्या. तुमची आली की परत करा. हिच्याकडं इतक्या प्रेमानं बघणाऱ्या बाईला बसनं जाऊ देणार नाही."

बायकोचा चेहरा उजळला. मी सुटकेचा निःश्वास सोडला. इथंच थांबायला हवं होतं. पण बायकोला राहवलं नाही.

"पण साहेब, इतकी सुंदर गाडी बाजारात का नाही आली हो?"

मी कान टवकारले. बारा वर्षांचं कोडं! सासरेही पिशवीवरून उठून जवळ आले. साहेब मात्र एकदम बूट न्याहाळू लागले.

"जाऊ दे ना."

"सांगा ना. खर्च जास्त होता का? इंजिन बसत नव्हतं?"

"नाही, सगळं बसत होतं," साहेब अवघडून म्हणाले. "मोठे साहेब बघायला येणार होते, त्या दिवशी गाडीवर बसून दाखवणारा मॉडेल आलाच नाही. गाडी मधल्या आकाराची, तेव्हा मधल्या आकाराचा कुणीतरी हवा होता. मग आम्ही यांना बसवलं."

(ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. बायकोलाही नव्हती. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत अभिमानाची पंधरा मिनिटं होती आणि मी ती एकट्यानं जपली होती.)

"मग?" बायकोनं विचारलं.

"मोठे साहेब म्हणाले, गाडी अप्रतिम आहे. दहापैकी दहा. पण ती घेतल्यावर माणूस असा दिसणार असेल, तर घेणार कोण?"

सासरे खोकले. तो खोकला नव्हता, हे मला चांगलं कळलं.

सोमवारी सातला बायको साहेबांच्या गाडीवरून कामावर गेली आणि दुपारी स्वतः शोरूममध्ये जाऊन आपली करडी घेऊन आली. मंगळवारी सकाळी ती निघाली, तेव्हा मी जरा लाडीगोडी लावत म्हणालो, "मला बसस्टॉपपर्यंत सोडतेस का?" आणि मागच्या सीटवर एक पाय टाकला.

तिनं हात आडवा केला.

"नको हो," ती म्हणाली. "ही गाडी अजून बाजारात आहे. तशीच राहू दे."