धम्मूची चित्रं कोण पुसतंय?

"फोन करू नका," एवढंच बोलून धुरपताबाई सकाळच्या बसनं नायगावला भावाकडे निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी लातूरला नातीचं, धम्मूचं, शाळेतलं गॅदरिंग होतं. ती मोर होऊन नाचणार होती. आणि त्यांचे यजमान लिंबाजी म्हणाले होते, "विहार कमिटीची मिटिंग हाय. मला जमायचं न्हाई."

नांदेडच्या घरात एकटे उरलेले लिंबाजी फोन घेऊन बसले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते फोनलाच दफ्तर समजत. दफ्तर तुंबलं होतं. 'जागा शिल्लक नाही,' असं फोन सारखा म्हणत होता. सगळ्यात जास्त जागा धम्मूच्या चित्रांनी खाल्ली होती. अश्वजित, म्हणजे त्यांचा लातूरचा मुलगा, ती दर रविवारी मेलनं धाडायचा. आता चित्रं काय फक्त फोनातून जातील, मेलमध्ये तर वर कुठंतरी राहतीलच, असा हिशेब करून लिंबाजींनी ती पुसायला घेतली.

चहा पिऊन येतात तो चित्रं परत हजर.

त्यांनी पुन्हा पुसली. जेवण उरकून बघतात तर पुन्हा तीच. हत्ती, विहार, तिरपा सूर्य, सगळं जागच्या जागी. लिंबाजींनी मुलाला फोन लावला.

"अश्वजित, मी भूतबित मानत न्हाई, तुला माहीतच हाय. पण ह्या फोनात कायतरी हाय बघ. मी पुसायलोय आन् ते परत यायलंय!"

पलीकडे अश्वजितनं मोठा श्वास सोडला. "पप्पा, आत्ताच आईचा फोन येऊन गेला. ती रडायली होती. म्हणली, धम्मूचे चित्रं कुणीतरी चोरायलंय. म्हणली, मी मेलच्या कचरापेटीतून काढून ठेवायलेय आन् चोर परत न्यायलाय."

"तिच्या फोनातून? मी तर माझ्या फोनात पुसलं."

"अहो, तुमचं दोघाचं खातं एकच हाय ना! इकडं पुसलं की सर्व्हरवर पुसलं जातंय, आन् सर्व्हरवरून तिकडंबी. ह्यालाच सिंक म्हणतेत."

लिंबाजींनी फोन कानापासून काढून एकदा उलटसुलट करून पाहिला.

"सेटिंगमध्ये जाऊन सिंक बंद करून टाका," अश्वजित म्हणाला. "मग तुमचं तुमच्यापाशी, तिचं तिच्यापाशी. मी आईलाबी सांगतो."

लिंबाजी सेटिंगमध्ये गेले. बटण सापडलंही. पण 'तुमचं तुमच्यापाशी, तिचं तिच्यापाशी' हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. बोट बटणावर नेलं आणि मागं घेतलं. नायगावला माजघरात बसून, चष्मा नाकावर ओढून, धुरपता एकेक चित्र कचऱ्यातून वर काढत असेल, हे त्यांना डोळ्यापुढं दिसायला लागलं.

त्यांनी हळूच एक चित्र पुसलं. त्यात आजी नारळाच्या झाडाएवढी होती आणि आजोबा तिच्या गुडघ्याएवढे. थोड्या वेळानं चित्र परत आलं.

लिंबाजी गालात हसले. म्हणजे बाई आहे तिथं. बोलत नाही, पण आहे. त्यांनी हत्ती पुसला. हत्ती आला. सूर्य पुसला. सूर्य उगवला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं लाडात येणं त्यांना कधी जमलं नव्हतं. ऊन उतरेपर्यंत हा खेळ चालला. मग त्यांनी कमिटीच्या अध्यक्षांना फोन करून सांगितलं, "मिटिंगला माझी वाट बघू नका," आणि इस्त्रीचा सदरा चढवून नायगावला निघाले.

फाटक उघडतात तो समोर ऑटोतून धुरपताबाई उतरत होत्या.

"तुलाच आणायला निघालो होतो," लिंबाजी ओशाळून म्हणाले. "चित्रं परत धाडायलीस, तवाच वळखलं, राग गेला तुझा."

"कवा धाडले? सकाळी दोनदा काढून ठेवले तेवढेच. मग फोनच बंद पडला. चार्जर इथंच राहिलं."

तेवढ्यात लिंबाजींचा फोन वाजला. अश्वजित दबक्या आवाजात बोलत होता.

"पप्पा, आईचा फोन लागंना, म्हणून मीच इथं तुमचं खातं उघडून बसलोय. दुपारपासून हत्ती काढायलोय कचऱ्यातून! साहेब दोनदा डोकावून गेले. बटण सापडंना का तुमाला?"

लिंबाजींचे कान लाल झाले. धुरपताबाईंनी सगळं ऐकलं होतं. पदर तोंडाला लावून त्या पायरीवरच बसल्या आणि हसत सुटल्या.

"मग तू कशी आलीस गं?" लिंबाजींनी विचारलं.

धुरपताबाईंचं हसू ओसरलं. "चित्रं जायला लागले. म्हणलं, ह्यांचा फोन चोरला का कुणी? का ह्यांनाच काय झालं? फोन करू नका म्हणून मीच बोलून गेलते. मग कुण्या तोंडानं करू? फोन बंद पडल्यावर तर जीवच राहीना. आले निघून."

लिंबाजींनी तिची पिशवी उचलली. "अश्वजित," ते फोनात म्हणाले, "आमी दोघं उद्या यायलोत लातूरला. ठेव आता. तुझ्या आईसाठी चहा करायचाय मला."

स्वयंपाकघरात त्यांना साखरेचा डबा काही सापडेना. विचारायची लाज वाटत होती. धुरपताबाई दाराला टेकून बघत होत्या, पण त्यांनीही सांगितलं नाही.