फ्लेक्सवरचा माझा फोटो

सत्कारातून माझी भाची सुष्मिता हिला मिळणार होतं काय? एक शाल, एक नारळ आणि शिक्षणाची आणखी तीन वर्षं. शाल-नारळ आमचं तालीम मंडळ देणार, वर्षं तिचे आप्पा देणार. "कार्यक्रम बघतो. पटलं तर शीक, न्हाईतर बँकेची परीक्षा!" असं त्यांनी गडहिंग्लजहून बजावलं होतं. आणि मला? चौकातल्या फ्लेक्सवर हसरा फोटो! सौदा वाईट नव्हता.

पोरीला तरुण संशोधकांचा पुरस्कार मिळालेला. बायका जात्यावर म्हणायच्या त्या ओव्या ती रेकॉर्ड करते. मग तिनं बनवलेला प्रोग्रॅम चाली जुळवतो आणि ओवी कुठल्या गावाकडून आली ते नकाशावर दाखवतो.

फ्लेक्सवाला म्हणाला, "ओव्या-बिव्या नको पावणं. वजन पडत न्हाई."

"मग लिही, संगणकसम्राज्ञी!" मी म्हणालो. खाली शुभेच्छुक म्हणून माझा फोटो, तिच्यापेक्षा बोटभरच मोठा, आणि माझा फोन नंबर.

रविवारी हॉल तुडुंब! मी मिशीवरून हात फिरवला. मग नीट पाहिलं. ज्याच्या त्याच्या मांडीवर काहीतरी होतंच! बंद पडलेले प्रिंटर, लॅपटॉप, फुटके मोबाइल. धोंडुबाईंनी तर मिक्सर आणलेला.

"मावशी, हा संगणक नव्हे!"

"बटणं हाईत की त्याला!"

सुष्मिता कानाशी आली. "मामा, काय लिहिलंय तुम्ही फ्लेक्सवर?"

तेवढ्यात तिचे आप्पा, म्हणजे आमचे ईरप्पा दाजी, दारात उभे! मागं माझी शांतव्वा अक्का, पोरीची अव्वा. दाजी गुळाचे व्यापारी. गर्दी बघून त्यांचा चेहरा ताज्या ढेपेसारखा चमकला.

"एवढं गिऱ्हाईक! सुषे, सोड ते संशोधन. स्टँडसमोर गाळा हाय, उद्याच बोलतो! दुरुस्तीचं दुकान टाकू!"

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. माझ्या एका शब्दानं तिची तीन वर्षं गेली की हो!

 तिनं लॅपटॉप उघडून अक्कासमोर धरला.

"अव्वा, भाकरी थापताना गुणगुणतीस ती ओवी म्हण."

"एवढ्या माणसांत? चल!"

"म्हण की गं."

अक्का पदराआडून म्हणाली.  नकाशावरचा ठिपका गडहिंग्लजवर थांबेल असं वाटलं. तो सरकत सरकत आजऱ्यापलीकडच्या एका वाडीवर जाऊन बसला.

"अगंबाई! हे तर आईचं म्हायेर!"

आईचं म्हणजे माझ्याही आईचंच. मी छताकडं बघायला लागलो. पंखा नीट फिरतोय का, एवढंच तपासत होतो!

दाजी पुढं झाले. "ह्येला कुणी सांगितलं?"

"अव्वानंच, आप्पा. सासरी येताना बायका चाल घेऊन येत्यात. ती कुठं लिहिलेली न्हाई, म्हणून शोधती मी."

दाजींनी टोपी काढली, परत घातली. मग एवढ्या आवाजाचा माणूस हळूच म्हणाला, "माझ्या आईची बी एक येती मला. म्हणू?"

आणि भर हॉलात गुळाचा व्यापारी घोगऱ्या गळ्यानं ओवी गायला!

तर हिशेब असा. सुष्मिताला तीन वर्षं मिळाली. अक्काला आईचं माहेर, दाजींना आईचा आवाज. आणि किंमत कुणी मोजली? मी! लोक आपापलं सामान माझ्याकडं ठेवून गेले. आठवडाभर मी प्रिंटर दुरुस्तीला वाहतोय. फ्लेक्सवर आता कुणाच्या तरी वाढदिवसाचा नवा फ्लेक्स चढलाय. माझा चेहरा पुरता झाकला गेला. खालचा फोन नंबर तेवढा उघडा राहिलाय!