पाडव्यापर्यंतचा नेम

ज्येष्ठ नागरिक संघातलं ‘काटकसर आणि कृतज्ञता’ हे व्याख्यान ऐकून शेखरराव घरी आले ते चपला काढायच्या आधीच बोलायला लागले. "उज्वला, आजपासून नेम! गुढीपाडव्यापर्यंत दूध आणि भाजी सोडून घरात काही विकत यायचं नाही. घरात आहे त्याचे आभार मानायचे आणि आपणहून येईल ते हात जोडून घ्यायचं."

"आणि तुम्हीच काही आणलंत तर?"

"तर कपाटाची किल्ली तुझी! घराचा कारभारही तुझा!"

उज्वलाताईंनी लगेच टाळी दिली. लग्न झाल्यापासून ती किल्ली शेखररावांच्या जानव्याला होती. आंघोळीलासुद्धा ती सुटत नसे. ती जाणं म्हणजे सगळ्या सिडको वसाहतीत नाक कापलं जाणं, हे शेखरराव पक्कं जाणून होते.

दुसऱ्याच दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या कुसाबाई दारात आल्या. चांदवडकडच्या गावाहून लेकाकडे, हर्षलकडे राहायला आलेल्या म्हातारबाई. हातात डबाभर कुरडया. "घ्या दादा, घरच्या हायेत."

शेखररावांनी नमस्कार करून डबा घेतला. दार लागताच ते नाचायचेच बाकी राहिले. "बघितलंस? न मागता येतं!"

"येतं हो, पण डबा परत जायचाय ना?"

आता शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे काय सांगायला हवं? चिमूटभर साखर तरी घालायचीच. पण शेखररावांना कृतज्ञतेचं भरतं आलेलं. त्यांनी डबा गुळानं काठोकाठ भरला. गूळ घरातलाच होता, म्हणजे नेमही शाबूत राहिला.

झालं! एवढा गूळ बघून कुसाबाई पातेलंभर कांदे घेऊन हजर. "आमच्या शेतातली गोलटी हाय, बारका कांदा. पण लय गोड." पातेल्यातून शेंगदाणे गेले. मग बादलीभर कांदे आले, बादलीतून रवा गेला. होता होता उज्वलाताईंचे डबे रिकामे झाले आणि दिवाणाखाली, गॅलरीत, बंद पडलेल्या कूलरमध्येसुद्धा कांदेच कांदे झाले. सकाळी कांदेपोहे, दुपारी कांद्याचं पिठलं, रात्री कांद्याची चटणी. पोहे संपले तेव्हा नुसते कांदे परतून झाले.

"आभार माना आता," उज्वलाताई म्हणायच्या आणि पदरात तोंड लपवून हसायच्या.

एका सकाळी शेखरराव कांदा चिरत बसले होते, तेवढ्यात कुसाबाई आल्या. हे तसेच उठले, हात जोडले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मावशी, तुमचे उपकार मी कसे फेडू!"

"अगं बया! दादा, रडू नका वो!" कुसाबाई लगबगीनं मागे फिरल्या. माणूस चांगला, पण खायचे वांधे दिसतात, असं त्यांच्या मनानं घेतलं. संध्याकाळी हर्षल भलंमोठं टोपलं खांद्यावर घेऊन आला. "काका, आईनं पाठवलंय. लाजू नका, अजून लागले तर सांगा."

आता टोपलं परत कशानं भरायचं? उज्वलाताईंनी सगळे डबे उलटे करून दाखवले. घरात फक्त हळद आणि मीठ उरलं होतं.

"मीठ देऊ?"

"मीठ देतात का कुणी? भांडणं होतात!"

"मग थोडे कांदे..."

"त्यांचेच कांदे त्यांना?"

"मग रिकामंच देतो."

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही!"

शेखररावांची झोप उडाली. पाडवा तोंडावर आला होता. शेवटी दुसऱ्या दिवशी फिरून येतो म्हणाले आणि टोपलं घेऊन गुपचूप निघाले. चौकातल्या दुकानातून चिवड्याची मोठी पिशवी घेतली, टोपल्यात घातली आणि कुसाबाईंच्या हाती देऊन चोरपावलांनी घरात शिरले. हुश्श करून ते पंख्याखाली बसले, तोच बेल वाजली. दारात कुसाबाई आणि कडेवर तेच टोपलं!

"ताई, दादांनी येवढा इकतचा चिवडा का वो आनला?"

उज्वलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पंख्याकडे पाहिलं.

"उपकार तर मीच मानायचे," कुसाबाई सांगू लागल्या. "गोलटी बाजारात कोनी घेईना. हर्षल म्हने, टाकून दे. आवं, पिकवलेलं उकिरड्यावर कसं टाकू? बिल्डिंगीत फिरले तर लोकांनी दारं लावली. तुमी येकट्यांनी हात जोडून घेतली, वरून गूळ, शेंगदाणे! येवढं कसं फेडू, म्हनून मी रोज जास्तीचे कांदे आनित व्हते. आता नका काई देऊ दादा, मला लय वझं व्हतं!"

शेखरराव थक्क झाले. दोन्ही घरं एकमेकांचे उपकार फेडता फेडता वाकली होती! आधी उज्वलाताईंना हसू फुटलं, मग कुसाबाईंना, आणि शेवटी शेखररावांनाही. हसता हसताच उज्वलाताईंनी तळहात पुढे केला.

"किल्ली."

आढेवेढे घेत शेखररावांनी जानव्यातून किल्ली सोडली. उज्वलाताईंनी ती कमरेला खोचली, कुसाबाईंना बसवून घेतलं, परातीत चिवडा ओतला, वर कांदा चिरला, लिंबू पिळलं. काय चव आली होती म्हणून सांगू! शेखररावांचा हात तिसऱ्यांदा परातीकडे वळला, तशी परात हळूच पलीकडे सरकली.

"बास. नेम मोडलाय तो तुमचा, माझा चालू आहे. हा चिवडा पाडव्यापर्यंत पुरवायचाय."

"अगं, पण मीच आणलाय तो!"

"हो ना," उज्वलाताईंनी हात जोडले. "आभारी आहे."